पैसे पडले, पुढे काय झाले?

येळ्ळूर रोडने सकाळी फिरायला निघालो की महिन्यातून चार-पाच वेळा तरी कोणीतरी मावशी किंवा वहिनी थांबवते. "साहेब, दोन हजार पडलेत काय बघा की." मोबाईलवरचा मेसेज इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असतो. आम्ही चष्मा लावतो, वाचतो आणि पडलेत की नाही ते सांगतो. निवृत्तीनंतर बँकेतले एवढेच काम आमच्याकडे राहिले आहे आणि ते आम्ही आनंदाने करतो.

गृहलक्ष्मी योजना सुरू झाल्यापासून हा प्रश्न ऐकतो आहोत. ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली. या योजनेबद्दल जो तो हेच विचारतो. मावशी विचारतात, वर्तमानपत्रे विचारतात, विरोधी पक्ष विचारतो, आणि मंत्री उत्तर देतात तेही याचेच. पडले की नाही पडले? पडल्यामुळे त्या घरात काय बदलले, हा दुसरा प्रश्न झाला. तो विचारत फिरणारा माणूस आम्हाला वडगावात अजून भेटलेला नाही. मावशींनी पहिला प्रश्न विचारावा हे योग्यच आहे, पैसे त्यांचे आहेत. दुसरा प्रश्न योजना आखणाऱ्यांनी आणि ज्यांच्या करातून ती चालते त्यांनी विचारायचा असतो. त्यात आपणही आलो.

हे आम्ही दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही. हीच चूक आम्ही नोकरीत अनेक वर्षे केली आहे.

आम्ही बँकेत लागलो ते ऐंशीच्या दशकात. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा जोर होता. १९७८-७९ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशभर लागू झाला होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन, बैलगाडी असे काहीतरी घेण्यासाठी बँकेने कर्ज द्यायचे आणि सरकारने त्यावर अनुदान द्यायचे. शाखेला वर्षाचे उद्दिष्ट ठरवून येई. मार्च जवळ आला की धावपळ. इतकी प्रकरणे मंजूर, इतक्यांचे वाटप, इतके अनुदान जमा. तक्ता भरून वर पाठवला की आम्ही सुटलो. त्या तक्त्यात म्हैस दूध किती देते याचा रकाना नव्हता. वर्षभराने ती गोठ्यात आहे का, याचाही नव्हता.

एकदा वसुलीला गेलो तर गोठा रिकामा. म्हैस विकून त्या गृहस्थाने मुलीचे लग्न केले होते. त्याने ते लपवलेही नाही, उलट आम्हाला चहा पाजला. दुसऱ्या एका गावात एक म्हैस दाखवण्यात आली, ती आम्ही आदल्या आठवड्यात दुसऱ्याच्या दारात पाहिली होती. कानातला बिल्ला तेवढा बदललेला. आम्ही शेरा काय लिहिला? "मालमत्ता पाहिली." आमच्या सहीने. आमच्या तक्त्यानुसार त्या वर्षी ती शाखा उद्दिष्टाच्या पुढे होती.

या कार्यक्रमाचा हिशेब पुण्यात एका माणसाने मांडला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले नीळकंठ रथ, ज्यांनी वि. म. दांडेकरांबरोबर १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचे गाजलेले पुस्तक लिहिले, त्यांनी फेब्रुवारी १९८५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक लेख लिहिला. या कार्यक्रमाने गरिबी हटेल का, असाच त्याचा मथळा होता. मुळातच रेषेच्या वर असलेली कुटुंबे बाजूला काढली, महागाई वजा केली, आणि मग काय उरते ते त्यांनी पाहिले. त्यांचा निष्कर्ष असा की सात वर्षे कार्यक्रम चालवूनही गरीब कुटुंबांपैकी साधारण ३ टक्के कुटुंबे रेषेच्या वर येतील, तीही काही काळापुरती. आमच्या शाखेतल्या कोणी तो लेख वाचला नव्हता. आम्ही वाचला तो फार उशिरा. तोवर १ एप्रिल १९९९ पासून तो कार्यक्रमच दुसऱ्या नावाच्या योजनेत विलीन झाला होता. वाचताना ती बिल्ला बदललेली म्हैस डोळ्यांसमोर आली.

आता आजच्या योजनांकडे येऊ. कर्नाटकात पाच गॅरंटी आहेत हे सभासदांना सांगायला नको. शक्ती योजनेची बस ११ जून २०२३ ला सुटली. गृहलक्ष्मीचा आरंभ ३० ऑगस्ट २०२३ ला म्हैसूरमध्ये झाला. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात एकट्या गृहलक्ष्मीसाठी २८,६०८ कोटी आणि पाचही गॅरंटी मिळून सुमारे ५२ हजार कोटी रुपये होते. गृहलक्ष्मीच्या लाभार्थी सव्वा कोटीच्या आसपास आहेत. एवढा पैसा थेट बायकांच्या नावावर जातो ही आमच्या मते साधी गोष्ट नाही. मधे दलाल नाही, अनुदानाची म्हैस नाही. पैसे पोहोचवण्याच्या कामात आमच्या पिढीपेक्षा हे सरकार आणि त्याची यंत्रणा नक्कीच सरस आहे.

परंतु यश मोजण्याची पद्धत बदललेली नाही. १४ जुलै २०२५ ला शक्ती योजनेचे ५०० कोटीवे शून्य तिकीट मुख्यमंत्र्यांनी स्वतः दिले. ५०० कोटी हा प्रवासांचा आकडा. वडगावची एखादी मुलगी आधी भाड्यापायी उद्यमबागेतले काम सोडून घरी बसली होती आणि आता जाते, हा एक प्रवास. आधीही रोज जाणारी बाई आता फुकट जाते, हा दुसरा. दोघींना शून्य तिकीट एकेकच. दुसरीचे पैसे वाचले, हेही कमी नाही. पण पहिलीचे आयुष्य बदलले. त्या ५०० कोटींत पहिल्या किती आणि दुसऱ्या किती, ते तिकिटाच्या यंत्राला कळत नाही.

गृहलक्ष्मीला वर्ष झाले तेव्हा, सप्टेंबर २०२४ मध्ये, महिला व बालकल्याण मंत्री आणि आपल्या शेजारच्या बेळगाव ग्रामीणच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांनी लाभार्थींसाठी रील स्पर्धा जाहीर केली. पैशांमुळे आयुष्यात काय बदल झाला ते रीलमधून सांगायचे, आणि जी रील जास्त लोक पाहतील तिला बक्षीस. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या एका आजींनी साठवलेल्या हप्त्यांतून गावाला होळगीचे जेवण घातल्याची बातमी राज्यभर गाजली. बातमी वाचून आम्हालाही भरून आले. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताकडे पाहिलेल्या बाईने गावाला पंगत घालावी, यापेक्षा मोठा मान कोणता?

तरीही आमच्यातला जुना अधिकारी गप्प बसत नाही. रील कोण करते? जिच्याकडे सांगण्यासारखे आहे ती. जिचे दोन हजार आले आणि त्याच दिवशी हप्ता घेणाऱ्याने दारातून नेले, ती काय रील करणार? कर्जमेळाव्यात व्यासपीठावर आम्हीही एखाद्या यशस्वी लाभार्थ्याचा सत्कार करत असू. तो खराच यशस्वी असे. मात्र आम्ही त्याला निवडून आणलेला असे.

मग खरे मोजायचे कसे? हे काम अवघड आहे, अशक्य नाही. आपल्या मराठी मुलखातच ते झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग नव्वदच्या दशकात केला. ३९ गावांत प्रशिक्षण दिलेल्या गावच्याच बायका घरोघर जाऊन बाळांना सांभाळत होत्या. त्यांनी आणखी ४७ गावे अशी घेतली की जिथे हे काम नव्हते, पण जन्म-मृत्यूची नोंद मात्र तितक्याच काटेकोरपणे होत होती. शिवाय काम सुरू करण्याआधीची आकडेवारी दोन्हीकडे जमवून ठेवली होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे हीच पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. या यशात त्या ४७ गावांचा वाटा मोठा आहे. ती नसती तर कोणीही म्हणाले असते, काळ बदलला, रस्ते आले, मृत्यू कमी व्हायचेच होते. आणि त्याला उत्तर देता आले नसते.

रोख पैशांबाबतही असा प्रयोग झाला आहे. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशात 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रत्येक माणसाला दरमहा छोटी रक्कम दिली आणि बारा गावांत दिली नाही. पैसे मिळालेल्या गावांत खाणे सुधारले, मुलांचे शाळेत जाणे सुधारले, आणि ज्याची सगळ्यांना भीती होती तो दारूवरचा खर्च काही वाढला नाही. कट्ट्यावर बसून "फुकट पैसे दिले की लोक बिघडतात" म्हणणाऱ्या आमच्या मित्रांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. त्यांना ते पटत नाही, तो भाग वेगळा.

हे सगळे वाचताना आमच्या मनात सारखे येत होते की तुलनेची गावे शोधायला आपल्याला लांब कुठे जायला नकोच. आपण सीमेवर राहतो! सत्तर वर्षे या सीमेने आपल्याला त्रासच दिला. मोजमापासाठी मात्र यापेक्षा सोयीची जागा दुसरी नसेल.

बाचीची हद्द ओलांडली की शिनोळी लागते. बाची बेळगाव तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. भाषा एक, पीक एक, आठवड्याचा बाजार करायला दोन्हीकडचे लोक बेळगावातच येतात. सोयरिका तर विचारूच नका. वडगावच्या कितीतरी लेकी चंदगड तालुक्यात दिल्या आहेत आणि तिकडच्या सुना इकडे आल्या आहेत. वर निपाणी आणि कागलचे तसेच.

आता तारखा पाहा. बाचीच्या बाईला दोन हजार मिळू लागले ते ऑगस्ट २०२३ अखेरपासून. महाराष्ट्राने लाडकी बहीण योजना जाहीर केली जून २०२४ मध्ये. महिना दीड हजाराप्रमाणे जुलै आणि ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये पहिल्यांदा खात्यात आले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. म्हणजे जवळजवळ वर्षभर एका बहिणीच्या घरात महिन्याला दोन हजार येत होते आणि पाच-सहा किलोमीटरवर दिलेल्या दुसऱ्या बहिणीच्या घरात काही येत नव्हते. असे वर्ष पुन्हा येणार नाही. त्या वर्षात दोन्ही घरांतले दूध किती, सोसायटीची उधारी किती, सोनेतारण किती वेळा नूतन केले, पोराची शिकवणी लागली की सुटली, एवढे जरी कोणी लिहून ठेवले असते तरी आज वाद घालण्याची गरज राहिली नसती. आम्ही ज्या घरांत विचारले तिथे असे विचारायला कोणी आलेले नव्हते.

अर्थात दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. शिनोळीला औद्योगिक वसाहत आहे, कागलला मोठी आहे, तर निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांची मिळकत हजार विड्यांवर ठरते. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, आपल्याकडे पूर्ण माफ. म्हणून गावे निवडताना काळजी घ्यावी लागेल.

दोन्ही योजनांत आणखी एक फरक आहे आणि आमच्या मते खरे गुपित तिथे आहे. गृहलक्ष्मी रेशन कार्डावरच्या एका यजमानीला मिळते. एका कार्डावर एकच. एकत्र कुटुंबात ही यजमानी बहुधा सासू असते. २०२३ मध्ये सासूला की सुनेला यावरून घराघरांत काय काय झाले ते वडगावकरांना आठवत असेल. कार्डे वेगळी करून घ्यायला रांगा लागल्या होत्या. लाडक्या बहिणीत २१ ते ६५ वयाची अट आहे, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, पण बसत असतील तर सासू आणि सून दोघींनाही मिळते. मात्र सासू ६५ ओलांडली की तिचे बंद. इकडे आजीला मिळते आणि तरुण सुनेला नाही, तिकडे सुनेला मिळते आणि म्हाताऱ्या आजीला नाही.

पैसे घरात कोणाच्या हातात जातात याने फरक पडतो का? दक्षिण आफ्रिकेत याचा अभ्यास झाला आहे. तिथे म्हाताऱ्यांचे पेन्शन वाढले तेव्हा एस्तेर दुफ्लो या अर्थतज्ज्ञ बाईंनी पाहिले की पेन्शन आजीला मिळत असेल तर घरातल्या नातींचे वजन-उंची सुधारते, आजोबांना मिळत असेल तर तसे काही दिसत नाही. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना विभागून मिळाले त्यांत या बाई आणि त्यांचे पती अभिजित बॅनर्जी आहेत, आणि बॅनर्जींच्या आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर. असो. सांगायचा मुद्दा, आजी आणि आजोबा यांत फरक पडतो तर सासू आणि सून यांत का पडणार नाही? बाची-शिनोळीत हे पाहता येईल. कोणी पाहिले तर दोन्ही सरकारांना आपापल्या अटी सुधारता येतील.

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. दोन हजार आले म्हणजे घरात दोन हजार वाढले असे नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात यजमान पूर्वी किराण्याला दोन हजार देत, गृहलक्ष्मी सुरू झाल्यावर त्यांनी हात आखडता घेतला. "तुला आता सरकार देतंय की." बाईच्या खात्यात दोन हजार वाढले, डब्यात तेवढेच. याला दोष कोणाला द्यायचा ते ज्याने त्याने ठरवावे, पण हिशेबात हे धरावे लागते. महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा असाच हिशेब झाला आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची ही कल्पना राज्यभर पसरली आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिनेच वाट दाखवली. सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातले कान्झरा या दोन गावांच्या आकडेवारीवरून गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी पाहिले की हमीच्या कामावर गेल्यामुळे मजुराची दुसरी कोणती कमाई बुडाली. मिळालेल्या मजुरीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास बुडाली होती. म्हणजे बाकीचा लाभ खरा होता. हमी योजनेवर टीका करणाऱ्यांना आणि तिची आरती करणाऱ्यांना, दोघांनाही या एका आकड्याने जमिनीवर आणले.

आपल्याकडे दोन हजारांतले किती टिकतात? मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांचा जाच इतका वाढला की फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. ज्या घरात आठवड्याचा हप्ता आहे तिथे गृहलक्ष्मीचे पैसे कुठे जातात हे सांगायला तज्ज्ञ नको. पण त्यातही दोन बाजू आहेत. सावकारी हप्ता वेळेवर गेला आणि बाईचा अपमान टळला, तर तो परिणामच म्हणायचा. दुसरीकडे, दोन हजार खात्रीने येणार या भरवशावर नवे कर्ज काढले गेले असेल, तर तोही परिणामच.

पहिल्या प्रश्नाचा आणि दुसऱ्या प्रश्नाचा घोटाळा महाराष्ट्रातही दिसतो. लाडकी बहीणमध्ये २६ लाखांवर अपात्र नावे आढळली, १४ हजारांवर पुरुषांनी पैसे घेतले, अशा बातम्या २०२५ च्या उन्हाळा-पावसाळ्यात आल्या. पुढे ई-केवायसी सक्तीची झाली. गळती बंद करायलाच हवी. पण उद्या एकही पुरुष यादीत राहिला नाही, तरी योजनेने पात्र बाईचे काय भले केले ते त्यातून कळणार नाही. आपल्याकडे गॅरंटीसाठी राज्यापासून तालुक्यापर्यंत समित्या नेमल्या आहेत, त्यांचेही लक्ष मुख्यतः पैसे पोहोचले का यावरच असते.

आमच्या मते गृहलक्ष्मीची खरी परीक्षा सरकारने नकळत घेऊन ठेवली आहे. हप्ते रखडतात हे सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या फेब्रुवारी आणि मार्चचे हप्ते जमा झालेच नव्हते, हे गेल्या डिसेंबरात इथेच सुवर्ण विधानसौधच्या अधिवेशनात मान्य करावे लागले. राजकारण व्हायचे ते झाले. आम्हाला मात्र वाटले, विचारायला हवे ते हे: त्या दोन महिन्यांत तुमच्या घरात काय थांबले? औषध थांबले, की भिशी थांबली, की काहीच थांबले नाही? पैसे आल्यावर काय केले हे विचारले तर माणूस चांगले चांगले सांगतो. आले नाहीत तेव्हा काय अडले हे विचारले तर खरे सांगतो. कर्जदाराशी आयुष्यभर बोललेल्या माणसाचा हा अनुभव आहे. एका काकूंना विचारले तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "बीपीची गोळी अर्धी अर्धी घेतली." दुसऱ्या घरी सून हसून म्हणाली, "काय नाही, पार्लर बंद." दोन्ही उत्तरे आम्हाला मोलाची वाटली.

शिवाय आपल्याकडे एक साधन आहे ज्याकडे कोणाचे लक्ष नाही. पासबुक. आधीची नोंद कोणी ठेवली नाही असे आम्ही वर म्हटले, पण ती अगदीच नाही असे नाही. ऑगस्ट २०२३ च्या आधीची आणि नंतरची पाने शेजारी शेजारी ठेवली तर पैसे त्याच दिवशी पूर्ण काढले जातात की काही मागे राहतात, आवर्त ठेव सुरू झाली का, सोनेतारणाचे व्याज वेळेवर जाऊ लागले का, हे कोणाही निवृत्त कारकुनाला अर्ध्या तासात सांगता येईल. डब्यात काय वाढले ते पासबुक सांगणार नाही, त्यासाठी बोलावेच लागेल. पण निम्मी गोष्ट तिथे लिहिलेली आहे.

आता जरा आपल्याकडे. दुसऱ्यांना मोजपट्टी लावायची तर ती आपल्याही अंगाला लावली पाहिजे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटक सरकारने आक्षेप घेतला, वाद झाला, आपणही सभांमधून भाषणे केली. भाषणे ८६५ या आकड्यावर होती. आजारी माणसाला प्रश्न वेगळा असतो. दाखला कोणाकडून आणायचा, कोल्हापूरला की सांगलीला जायचे, सोबत कोण राहणार, आणि रुग्णालयाच्या खिडकीवर आपला कर्नाटकचा पत्ता बघून काय म्हणतील? किती जणांची शस्त्रक्रिया या योजनेत झाली आणि किती जण खिडकीवरून परत आले, याची यादी मंडळाने ठेवायला हवी होती. आपण ठेवली नाही. मराठी माणसासाठी मराठी सरकारने केलेली योजना असल्यामुळे हा प्रश्न विचारणे म्हणजे घरभेदीपणा वाटतो, हे आम्ही समजू शकतो. आमच्याही तोंडून तो लवकर निघाला नाही.

आणि दर जूनमधले वह्यावाटप. फोटो छान येतात, आम्ही स्वतः त्यात उभे असतो. किती डझन वह्या वाटल्या ते अहवालात असते. हे सगळे कशासाठी, तर मराठी शाळेत मुले टिकावीत म्हणून. मग वह्या मिळालेल्या मुलांपैकी पुढच्या जूनला किती त्याच शाळेत होती आणि किती इंग्रजी माध्यमात गेली, ही नोंद हेडमास्तरांकडून मिळू शकते. आम्ही कार्यकारिणीत दोनदा मांडले. पहिल्यांदा वेळ नव्हता. दुसऱ्यांदा एकाने विचारले, "आणि उत्तर वाईट आलं तर देणगीदारांना काय सांगायचं?" प्रश्न रास्त आहे. सरकारही बहुधा हाच प्रश्न मनात धरून गप्प बसत असेल.

योजना बंद करा असे म्हणणाऱ्यांच्या हाती हे लिखाण जाऊ नये, ही आमची इच्छा आहे. वडगावात मागावर बसणाऱ्या घरांची काय अवस्था आहे ते आम्ही रोज पाहतो; तिथे दोन हजार ही मोठी रक्कम आहे. पण ज्याचा परिणाम कोणी मोजलेला नाही त्या योजनेची बाजू घ्यायलाही काही हाती राहत नाही. उद्या तिजोरीत खडखडाट झाला, सरकार बदलले, आणि कोणी म्हणाले की यातून काही साधले नाही, तर आपण काय दाखवणार? रील?

म्हणून एक छोटे काम काढले आहे. आमच्यासारखे निवृत्त झालेले बँकेतले, एलआयसीतले आणि शाळेतले काही जण तयार आहेत. वडगावातली काही घरे, बाची आणि चंदगड तालुक्यातली काही, जमल्यास निपाणी आणि कागलचीही. ज्यांचे माहेर एका बाजूला आणि सासर दुसऱ्या बाजूला आहे अशा सभासद भगिनींनी आधी नावे द्यावीत. दोन्ही घरांत प्रवेश त्यांच्यामुळेच मिळेल. पासबुक पाहायचे ते बाईच्या संमतीने आणि तिच्याच समोर, नाव-खाते क्रमांक कुठेही उतरवायचा नाही. राजकीय पक्षाचा बिल्ला लावून कोणी यायचे नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो. मंगाई यात्रेच्या आधी पहिली फेरी पूर्ण करायची आहे, कारण यात्रेच्या महिन्यात सगळ्यांचाच खर्च वेगळा होतो आणि हिशेब बिघडतो.

प्रश्नांचा कागद मंडळाच्या कचेरीत ठेवला आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. नऊ प्रश्न आहेत. "पैसे मिळाले का" हा त्यात नाही. "हप्ता आला नाही त्या महिन्यात काय थांबले" हा पाचवा आहे आणि त्याच्यापुढे चार ओळी रिकाम्या सोडल्या आहेत.